शुक्रवारचा बरिटो

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता कॅलिफोर्नियात धाकट्या बहिणीकडे दीड महिना राहून आलो. परत आल्यावर जो तो विचारतो, गोल्डन गेट पाहिला का, समुद्र पाहिला का. पाहिला. पण लिहावेसे वाटते ते बहिणीच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या एका साध्या खाण्याच्या दुकानाबद्दल. त्या दुकानात आमच्या डोळ्यांदेखत जे घडले, ते परदेशी राहणाऱ्या आपल्या कुठल्याही घरात घडू शकते. थोड्या फरकाने ते इथेही घडतेच.

बहीण राहते फ्रीमाँट शहरात. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचे हे गाव. इथे अफगाण लोकांची मोठी वस्ती आहे, हिंदुस्थानी तर पावलोपावली भेटतात. त्यामुळे हलाल मांसाची दुकाने आहेत, मशिदी आहेत, जुम्याला गाडी लावायला जागा मिळत नाही इतकी गर्दी असते. अशा ठिकाणी राहून बाहेर खाण्याची चिंता ती कसली, असे आम्हाला वाटले होते.

दर शुक्रवारी मेहुणे कामावरून लवकर येतात आणि संध्याकाळी सगळे त्या मेक्सिकन दुकानात जातात. एका बाजूला कपडे धुण्याचे दुकान, दुसऱ्या बाजूला टायरवाला, मधोमध हे. आत सात-आठ टेबले, भिंतीवर हाताने लिहिलेली पदार्थांची यादी, कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉल. गिऱ्हाईक म्हणजे रंगाऱ्याचे काम करून आलेले मजूर, शाळेतली पोरे, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया. गल्ल्यावर एक पन्नाशीच्या बाई. त्यांचे मूळ गाव मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात, असे भाच्याने सांगितले. भाचा तेरा वर्षांचा. शाळेत स्पॅनिश शिकतो, म्हणून त्या दुकानात तोच आमचा दुभाष्या.

आत पाऊल टाकताच आमच्या बेगम थबकल्या. म्हणाल्या, "भाकरीचा वास येतोय."

खरोखरच येत होता. मागे एक मुलगी पिठाचा लिंबाएवढा गोळा दोन फळ्यांच्या दाबयंत्रात ठेवून दाबत होती आणि निघालेली चकती सपाट लोखंडी तव्यावर टाकत होती. उलटली, पुन्हा उलटली, मधे जरा फुगली की फडक्यात गुंडाळून टोपलीत. ही टॉर्टिया. नाव स्पॅनिश लोकांनी दिलेले. तिथल्या मूळ लोकांच्या नाहुआट्ल भाषेत तिला त्लाश्काली म्हणत. त्यांच्या या भाकरीचे वय हजारो वर्षांचे आहे.

या भाकरीत एक युक्ती आहे, ती आमच्या घरच्या बायकांना फार आवडली. मक्याचे दाणे नुसते दळत नाहीत. आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी साले सुटतात, दाणे धुऊन ओलेच वाटतात. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी तुटत नाही. आमची मक्याची भाकरी कशी कडेला भेगाळते, ते आठवा. शिवाय मक्यातले एक जीवनसत्त्व, जे एरवी अंगी लागत नाही, ते चुन्यामुळे मोकळे होते. युरोपीय लोकांनी मका आपल्याकडे नेला, पण ही चुन्याची रीत नेली नाही. मग मक्यावरच जगणाऱ्या गरीब वस्त्यांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी सोलवटायची, भ्रम व्हायचा, माणसे दगावायची. बी नेले आणि बी शिजवणाऱ्या बाईची अक्कल मागे ठेवली, त्याचा हा परिणाम.

या भाकरीवर दोन घास मांस किंवा भाजी, वर बारीक कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड आणि ठेच्यासारखी चटणी घातली की टाको झाला. हाताने दुमडायचा आणि खायचा. काटे-चमचे कुणी मागत नाही. मिरची, टोमॅटो, मका, राजम्याच्या जातीच्या शेंगा, सगळे मूळचे त्यांच्याच मुलुखातले. पोर्तुगीज मिरची घेऊन गोव्याला आले नसते तर आपल्या ठेच्याचे काय झाले असते, कोण जाणे.

बरिटो मात्र वेगळा. त्याला गव्हाची मोठी, मऊ, रुमालीसारखी पोळी लागते. गव्हाची टॉर्टिया ही उत्तर मेक्सिकोची रीत. आणि आज अमेरिकेत जो उशीएवढा बरिटो मिळतो, आत भात, शिजवलेले बीन्स, चीज, चटणी, सगळे एकत्र गुंडाळून वर चंदेरी कागद, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात १९६०च्या दशकात रूढ झाला. कामावर जाणाऱ्या माणसाचा एका हातात मावणारा डबा. बरिटो या शब्दाचा अर्थ आहे छोटे गाढव. ओझे बरेच वाहते, म्हणून असेल.

बहिणीच्या घरचा नियम असा की बाहेर मांस खायचे तर फक्त आपल्या पद्धतीने जबीहा केलेले. सूरह माइदामध्ये किताबवाल्यांचे अन्न आपल्याला जायज असल्याचे सांगितले आहे. पण आजच्या कारखान्यांतल्या यंत्रावर होणाऱ्या कत्तलीला ते लागू आहे का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. मेहुण्यांचे मत जरा सैल, बहिणीचे घट्ट. घरात घट्ट मत चालते. म्हणून त्या दुकानात ते फक्त बिनमांसाचे खात. भाचा दर शुक्रवारी बीन्स आणि चीजचा बरिटो मागवायचा. दोन वर्षे हाच क्रम. व्हेज आहे, मग काय बिघडले?

आमच्या बेगमनी त्याच्या ताटातला एक घास चाखला. मऊ घोटलेले बीन्स, तेलकट चमक, चव उत्तम. त्यांनी सहज विचारले, "हे इतकं मऊ लागतंय, यात तूप घालतात का?"

भाच्याचा हात थांबला. बहीण म्हणाली, "तूप कुठलं भाभी, तेल असेल."

"तेल असं जिभेला चिकटत नाही."

स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या जिभेपुढे प्रयोगशाळा काय करणार! आम्ही भाच्याला म्हटले, "जा रे, विचारून ये." तो उठेना. मेहुणे स्वतः गल्ल्यापाशी गेले, मोडक्यातोडक्या बोलीत विचारले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. बीन्स 'मान्तेका' घालून घोटतात. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी.

पुढची दोन मिनिटे कुणी बोलले नाही. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. सात वर्षांच्या भाचीने विचारले, "अम्मी, आता आपलं काय होणार?" तिला कुणी उत्तर दिले नाही. मग बहीण एकदम उसळली, "दोन वर्षं! या लोकांनी दोन वर्षं आपल्याला फसवलं!"

गल्ल्यावरच्या बाईंना शब्द कळले नाहीत, पण प्रकार कळला असावा. त्या हात पुसत टेबलापाशी आल्या. भाच्याशी स्पॅनिशमध्ये बोलल्या, तो खाली मान घालून ऐकत होता. मग आमच्याकडे पाहून थोड्या इंग्रजीत म्हणाल्या की तुम्ही कधी विचारले नाहीत, आणि आम्हाला वाटले की तुम्हाला फक्त मांस नको आहे. त्यांनी पैसे परत देऊ केले. मेहुण्यांनी घेतले नाहीत. मग त्या आत गेल्या आणि एका वाडग्यात साधे बीन्स घेऊन आल्या. अख्खे, पातळ रश्शात, नुसते मीठ, कांदा आणि पाण्यात शिजवलेले. याला त्यांच्याकडे हंडीतले बीन्स म्हणतात. घोटून चरबीत परतण्याआधीची ती अवस्था. म्हणजे बिनचरबीचा पदार्थ दोन वर्षे त्याच स्वयंपाकघरात, त्याच शेगडीवर होता.

त्या रात्री घरी कुणाचे जेवण झाले नाही. इशाची नमाज झाल्यावर आम्ही अंगणात बसलो होतो. भाचा येऊन शेजारी बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामू, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"मान्तेका. महिनाभरापूर्वी वर्गात खाण्याच्या शब्दांचा धडा होता. तेव्हा कळलं. मी दुकानात पाटीवर वाचलंही."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर अम्मीनं जाणंच बंद केलं असतं."

त्या दुकानात त्याच्या वर्गातली पोरे येतात. शुक्रवारी तिथे तो कुणीतरी असतो. स्पॅनिश बोलतो, बाई त्याला नावाने हाक मारतात, आईबाप त्याच्यावर अवलंबून असतात. आठवडाभर शाळेत तो 'दुसऱ्या देशातला' असतो, घरी 'अमेरिकन झालेला' असतो. या एका जागी तो जसा आहे तसा चालतो. ते गमवायचे नव्हते म्हणून तो महिनाभर गप्प राहिला. त्या महिन्यात चार शुक्रवार त्याने तोच बरिटो खाल्ला. सांगताना त्याचा आवाज कापत होता. "खाताना मला दर वेळी उलटीसारखं व्हायचं. पण न खाल्लं तर सगळे विचारतील ना, का खात नाहीस म्हणून."

वीस वर्षे शाळेत शिकवताना आम्ही हे पुष्कळ पाहिले आहे. जे मूल खोटे बोलते ते बहुधा लबाड नसते. खरे बोलल्यावर काय हिरावले जाईल, याचा हिशेब त्याने आधीच मांडलेला असतो. प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच करणारी मुले आमच्या वर्गात दरवर्षी एक-दोन असतात, आणि त्यांच्या घरी गेले की कारण उंबऱ्यावरच कळते. आम्ही भाच्याला रागावलो नाही. पण सोडलेही नाही. म्हटले, "हे तू आम्हाला सांगितलंस. ज्यांना सांगायला हवं, त्या आत आहेत."

तो आत गेला. दार लागलेले होते, काय बोलणे झाले ते आम्हाला ठाऊक नाही. फक्त बहिणीचा वरचा आवाज एकदा आला आणि मग बराच वेळ काहीच आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिला प्रश्न विचारला तो नमाजांचा. "मामू, मी ज्या नमाजा पढल्या त्यांचं काय?" त्याच्या कुणा मित्राने त्याला चाळीस दिवसांचे काहीतरी सांगून घाबरवले होते. अशा ऐकीव गोष्टी मुलांच्या कानात कोण भरतो, कळत नाही. आम्ही त्याला मशिदीत इमामसाहेबांकडे नेले. तरुण माणूस, तिथेच वाढलेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, जे अजाणता खाल्ले त्याची पकड नाही, तुझ्या आईबापावरही नाही. नमाजा पुन्हा पढायची गरज नाही. जाणून खाल्ले त्या चार वेळांची तौबा कर. तौबा म्हणजे पस्तावणे, सोडणे आणि पुन्हा न करण्याचा इरादा. मग त्यांनी मेहुण्यांकडे वळून विचारले, "दोन वर्षांत तुम्ही एकदाही का विचारलं नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही नंतर बरेच दिवस शोधत होतो. एक कारण आपल्या देशातल्या सवयीचे. इथे पाकिटावर हिरवा ठिपका असतो, हॉटेलवर 'शुद्ध शाकाहारी' पाटी असते. मांस नाही म्हणजे प्राण्याची चरबीही नाही, असे आपण धरून चालतो. कारण इथे ते शेजाऱ्यांनी आपल्यासाठी सांभाळलेले असते. अमेरिकेत तसा सरकारी ठिपका नाही. मेक्सिकन स्वयंपाकात चरबी म्हणजे आपल्याकडच्या फोडणीच्या तेलासारखी. ती पदार्थाच्या नावात कुणी सांगत नाही. दुसरे कारण जरा टोचणारे आहे. विचारायची लाज वाटते. समोरच्याला वाटेल हे लोक किती अवघड आहेत. विमानतळावर, कार्यालयात, शाळेत आधीच आपल्याकडे सगळे वळून पाहतात, मग खाण्याच्या टेबलावर आणखी कशाला? बहिणीने हे कबूल केले. डोक्यावर ओढणी घेऊन उभी असते, तेवढेच पुरे वाटते, असे ती म्हणाली.

खरे तर ज्यांच्यापुढे लाजायचे, त्या स्वयंपाकाचे आणि आपले नाते जुने आहे. आम्ही शिक्षक, त्यामुळे रिकामा वेळ मिळाला की वाचनालयात जाऊन बसतो. तिथे जे वाचले त्यातले थोडे सांगतो.

कोलंबसाच्या आधी मेक्सिकोत डुक्कर नव्हते, गाय नव्हती, बकरीही नव्हती. बीन्स होते आणि ते पाण्यातच शिजत. १५१९ साली कोर्तेस उतरला, मागोमाग स्पॅनिश लोकांची डुकरे आली, आणि बीन्सच्या हंडीत चरबी पडली. म्हणजे आमच्या भाच्यापुढे त्या बाईंनी जो वाडगा ठेवला तो जुना पदार्थ होता, आणि चरबीवाला नवा.

आणि ही चरबी ज्या स्पेनमधून आली, त्या स्पेनमध्ये त्याच काळात काय चालले होते? १४९२च्या जानेवारीत ग्रॅनडा पडले. पुढच्या काही वर्षांत तिथल्या मुसलमानांना जबरीने ख्रिस्ती केले गेले. यहुद्यांवर ही पाळी आधीच आली होती. धर्म बदलला तरी संशय गेला नाही. धर्मन्यायालयाचे हेर पाहत, कोण डुकराचे मांस टाळतो, कुणाच्या घरी चरबीऐवजी जैतुनाच्या तेलात शिजते. शेजारीपाजारी खबर देत. हंडीत काय पडते यावरून माणूस पकडला जायचा. १६०९ ते १६१४ या काळात उरलेसुरले सारे हाकलले गेले. आम्ही हे बहिणीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भाईजान, त्यांनी लपवून सांभाळलं. आणि मला तोंडानं विचारता येत नव्हतं."

माणसे हाकलली, पण शब्द राहिले. साखरेला स्पॅनिशमध्ये असूकार म्हणतात, अरबीतल्या सुक्करवरून. तांदूळ म्हणजे अर्रोस, मूळ अरुज्ज. तेल म्हणजे आसेइते, मूळ अज्जैत. त्या दुकानात काचेच्या मोठ्या बरण्यांत सरबते ठेवलेली असतात. एक तामारिंदोचे, म्हणजे चिंचेचे. अरबीतला तम्र-हिंदी, हिंदुस्थानचा खजूर. एक सांदियाचे, म्हणजे कलिंगडाचे; त्याचे अरबी मूळ 'सिंधकडचे' असे आहे. आमच्या बेगम चिंचेचे सरबत पिऊन म्हणाल्या, गूळ कमी पडलाय. आणि 'ओहाला' हा तर त्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. 'तसे होवो' म्हणायचे तर ओहाला. अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख असलेल्या अरबी वाक्प्रचारावरून तो आला. बाई दिवसातून किती वेळा म्हणत असतील!

दुकानात उभ्या सळईवर फिरणारे मांसही असते, वरून सुरीने कापून देतात, त्याला अल पास्तोर म्हणतात. पाहताक्षणी आपल्याला शवर्मा आठवतो. आठवण बरोबर आहे. लेबनॉनकडून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी ती सळई नेली, पुएब्ला शहरात १९३०च्या सुमारास त्याचे 'अरबी टाको' होऊ लागले. जाणारे बहुतेक ख्रिस्ती होते आणि तिथे बकऱ्यापेक्षा डुक्कर सोपे, म्हणून मांस बदलले. नाव अरबी, सळई अरबी, आणि मांस तेवढे आपल्याला न चालणारे. नुसत्या रूपावर जाऊ नका, हे सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

आणखी एक गोष्ट मेहुण्यांनी सांगितली ती मनातून जात नाही. कॅलिफोर्नियातच उत्तरेला युबा सिटी नावाचे गाव आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे आणि दक्षिणेला इम्पीरियल खोऱ्यात पंजाबातून शेतमजूर गेले. बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणे बंद झाले, त्यामुळे गावाकडून बायको आणता येईना. गोऱ्या बाईशी लग्नाला कायद्याची आडकाठी. मग कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली. कॅरेन लिओनार्ड या विदुषींनी या कुटुंबांवर १९९२ साली मोठा ग्रंथ लिहिला आहे. त्या घरांत रोटी आणि टॉर्टिया एकाच तव्यावर भाजली गेली. युबा सिटीत रसूल कुटुंबाचे 'एल रँचेरो' नावाचे मेक्सिकन हॉटेल होते. पराठ्यासारख्या रोटीत चीज आणि मांस भरून केलेला त्यांचा पदार्थ लोक लांबून खायला येत. १९९३ साली ते बंद झाले.

पण ऐकायला गोड वाटले तरी गोष्ट तेवढीच नाही. बाप दिवसभर शेतात, मुले आईपाशी. बरीच मुले आईच्या धर्मात, आईच्या भाषेत वाढली. बापाची नावे राहिली, रोटी राहिली, बाकी बरेचसे गेले. कुणाला दोष द्यायचा? बाप मुलांशी काय बोलले, काय बोलायचे राहिले, हे आपण लांबून कसे सांगणार. मेहुणे ही हकीकत सांगत होते तेव्हा त्यांची नजर भाच्याकडे होती, एवढे आम्ही पाहिले.

याउलटही घडते. २०१६च्या अमेरिकन निवडणुकीत एका पुढाऱ्याच्या समर्थकाने भीती घातली होती की मेक्सिकन लोकांना आवरले नाही तर कोपऱ्याकोपऱ्यावर टाकोच्या गाड्या उभ्या राहतील. पुढच्याच वर्षी, २०१७च्या रमजानमध्ये, दक्षिण कॅलिफोर्नियात सांता आना भागातल्या काही मुसलमान आणि मेक्सिकन मंडळींनी मिळून 'प्रत्येक मशिदीपाशी टाकोची गाडी' असा उपक्रम काढला. मशिदीच्या आवारात गाडी, हलाल मांस, इफ्तारसाठी रोजेदार आणि मेक्सिकन शेजारी एका रांगेत. तिकडे आता हलाल टाकोची दुकानेही निघाली आहेत. बकऱ्याच्या मांसाची बिर्रिया नावाची रस्सेदार डिश असते, मूळची हालिस्कोची. आपल्या निहारीची चुलत बहीण म्हणा. हलाल दुकानात मिळाली तर सोडू नका.

तर पुढच्या शुक्रवारचे. बहीण जायचे नाही म्हणत होती. भाचा काहीच बोलला नाही. आमच्या बेगम म्हणाल्या, "जाऊ या. पण तो विचारेल आणि तू मागे उभी राहा."

त्याने रात्री बसून वहीत शब्द लिहून काढले होते. परदेशात असलेल्या वाचकांना उपयोगी पडतील म्हणून त्यातले काही देतो. मान्तेका म्हणजे चरबी; बीन्समध्ये आणि गव्हाच्या टॉर्टियात ती असू शकते, काही दुकाने मात्र दोन्हीला वनस्पती तेल वापरतात. पुएर्को आणि सेर्दो, दोन्ही म्हणजे डुक्कर. कार्नितास, चोरिसो, चिचारोन ही नावे दिसली की तो त्याचाच प्रकार समजावा. काल्दो दे पोयो म्हणजे कोंबडीचा रस्सा. तांबडा भात पुष्कळदा त्यात शिजवतात, त्यामुळे जबीहा पाळणाऱ्यांनी तेही विचारावे. सेर्वेसा म्हणजे बिअर. माशाच्या टाकोच्या पिठात आणि काही ठिकाणी मांस मुरवायला ती घालतात, हे आम्हालाही नवे होते. आणि तवा एकच आहे का, तेही विचारावे. विचारताना कपाळाला आठ्या नकोत, ही सूचना मामीची.

बाईंनी त्याचे सगळे प्रश्न ऐकले. गव्हाच्या टॉर्टियाचे पाकीट आणून दाखवले, त्यावर वनस्पती तेल लिहिले होते. भात कोंबडीच्या पाण्यातला निघाला, तो वगळला. तव्याचा एक कोपरा घासून त्यावर कागद टाकून टॉर्टिया गरम करून दिली. मागे रांग वाढली होती. एका मजुराने घड्याळ पाहिले. भाच्याचे कान लाल झाले होते, पण तो हलला नाही. बहीण त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती. दोनदा काही बोलायला तोंड उघडले आणि मिटले.

आम्ही निघायच्या आधीच्या शुक्रवारी पुन्हा गेलो. भाचा गल्ल्यापाशी गेला आणि लगेच परत आला. "हंडीतले संपले. आज फक्त मान्तेकावाले आहेत." मग पुन्हा जाऊन त्याने माशाचे टाको सांगितले, पिठात न बुडवता, वेगळ्या तव्यात भाजलेले. मासा त्याला मुळीच आवडत नाही. दोन टाको त्याने लिंबू पिळून पिळून संपवले, आणि तिसरा मामीच्या ताटात सरकवला.